शिलाई मशीन पुरे, आता बेतणी शिकवा

आपल्या कपड्यांवर या देशात भरपूर चर्चा होते. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रश्नावर 2022 च्या मार्चमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल आला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली. त्या काळात मुसलमान मुलीने काय घालावे यावर ज्याला त्याला मत होते. बंदी मागणाऱ्यांना होते, सक्ती करणाऱ्यांना होते, आणि ज्यांनी आयुष्यात सुई हातात धरली नाही त्यांना तर फारच ठाम मत होते. मुलीने काय घालायचे ते मुलीने ठरवावे, असे मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. पण त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारलेला मला ऐकू आला नाही. तो कपडा बेतला कोणी, शिवला कोणी, आणि शिवणारीच्या हातात किती पैसे पडले?

मी सोलापुरात मुलींना आणि बायकांना शिवण शिकवते. अकरा वर्षे झाली. एक खोली, सहा मशिनी, मधोमध एक मोठे टेबल आणि भिंतीला टांगलेले खाकी कागदाचे फर्मे, एवढाच माझा संसार. या अकरा वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या मोहल्ल्यांत शिवता येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, बेतता येणाऱ्या फार थोड्या. मिळकतीतला मोठा फरक तिथेच पडतो. म्हणून ज्या संस्था, जमाती आणि कार्यकर्ते बायकांच्या हाताला काम मिळावे म्हणून धडपडतात, त्यांना माझे सांगणे आहे: मशिनी वाटून झाल्या असतील तर आता बेतणी शिकवा.

शिवणे आणि बेतणे

कापड बेतणे हा मराठीतला जुना आणि नेमका शब्द आहे. बेत म्हणजे योजना. कापडाला कात्री लावण्याआधी माप घ्यायचे, ते कागदावर उतरवायचे, फर्मा तयार करायचा, तो कापडावर कसा मांडला तर कापड कमी लागेल ते बघायचे, खडूने आखायचे आणि मग कापायचे. एवढे सगळे बेतण्यात येते. शिवणारीच्या हातात तुकडे येतात तेव्हा महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. गळा किती खोल, घेर किती, बाही कशी, कापड किती लागणार, कपडा कोणाच्या अंगाला बसणार आणि कोणाच्या नाही, हे सारे फर्म्याने आधीच ठरवलेले असते.

आता आपल्या आजूबाजूला बघा. दुकानात गळ्यात टेप अडकवून उभा असतो त्याला आपण मास्टर म्हणतो. तो माप घेतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, भाव ठरवतो आणि कापतो. मागे मशीनवर बसतात ते कारागीर. गणवेशाच्या कारखान्यातही हीच रचना आहे. कटिंग मास्टर वेगळा, मशीनवाले वेगळे. आणि घरी बसून शिवणाऱ्या बाईचा नंबर या सगळ्यांच्या शेवटी. तिच्याकडे कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा येतो, तो शिवून परत जातो आणि नगावर हिशेब होतो. मास्टर या शब्दाचे स्त्रीलिंग आपल्याकडे कोणी वापरत नाही. आपण सरळ 'शिवणवाली बाई' म्हणतो.

नगावर मजुरी ही सोलापूरला नवीन गोष्ट नाही. इथल्या विडी कामगार बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिथे निदान कायदा आहे, संघटना आहेत, मोर्चे निघतात. घरी कपडे शिवणाऱ्या बाईची मोजदादच नीट होत नाही. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवले आहे की, काम करणाऱ्या मुसलमान स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के स्वतःच्या घरातूनच काम करतात. सर्व कामगार मिळून हे प्रमाण 51 टक्के होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये घरी बसून काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्यासाठी लढले पाहिजेच. पण तो लढा चालू असताना या बाईच्या हातात आज काय देता येईल?

माझ्या वर्गात येणाऱ्या एका खालांचे उदाहरण सांगते. त्यांच्याकडे परकरांचे कापलेले गठ्ठे यायचे. एका परकराचे नऊ रुपये. मशीनवर हात इतका सफाईदार की माझ्या वर्गातल्या मुली बघत बसायच्या. पण कोणी पाव्हणी कापड घेऊन आली, ब्लाऊज शिवून दे म्हणाली, तर खाला तिला दुकानात पाठवायच्या. कारण कात्री लावायची भीती. दुसऱ्याचे कापड बिघडले तर भरून कुठून द्यायचे? त्या सहा महिने बेतणी शिकल्या. आता गल्लीतल्या बायकांचे अस्तराचे ब्लाऊज शिवतात आणि एकाचे साडेतीनशे रुपये घेतात. अस्तर, दोरा, हुक यांचा खर्च त्यातून जातो, वेळही जास्त लागतो, तरी राहतात ते पैसे परकरांच्या गठ्ठ्यातून कधी राहिले नसते. आणखी एक बदल झाला. भाव त्या स्वतः सांगतात. आधी तो त्यांना सांगितला जायचा.

कागदाचा शंकू

फर्मा बदलणे म्हणजे काही गूढ विद्या नाही. आठवी-नववीची भूमिती पुरते. वर्गात पहिल्या दिवशी मी मशीन उघडतच नाही. प्रत्येकीला कागदाचा एक गोल कापायला सांगते. मग कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्यायचा आणि कापाची एक कड दुसऱ्या कडेवर थोडी सरकवायची. सपाट कागदाचा शंकू होतो. ब्लाऊजचा टक्स म्हणजे हेच. सपाट कापडातून पाचरीएवढा भाग दुमडून घेतला की कापडाला उंचवटा येतो आणि ते छातीवर बसते.

आता दुसरा गोल घ्या. काप वेगळ्या बाजूने द्या, पण कड तेवढीच सरकवा. शंकू तसाच होतो. काप कुठल्या बाजूने आला याला महत्त्व नाही, किती अंशाची पाचर दुमडली याला आहे. एवढे एक तत्त्व कळले की अर्धी बेतणी कळली.

फर्म्यावर ते असे करायचे. पुढच्या भागाचा फर्मा मार्जिन सोडून कागदावर उतरवून घ्या. छातीचा सर्वांत उंच बिंदू खूण करून ठेवा. समजा टक्स कमरेकडून आलेला आहे आणि तो तुम्हाला खांद्यावर हवा आहे. खांद्याच्या मध्यापासून त्या बिंदूपर्यंत रेष मारा आणि तिथवर कापा. जुन्या टक्सची एक बाजूही बिंदूच्या अगदी जवळपर्यंत कापा, पण कागद तुटू देऊ नका. केसभर कागद बिजागरीसारखा धरून ठेवायचा. आता कमरेचा टक्स मिटवा आणि चिकटपट्टी लावा. खांद्यावरचा काप आपोआप उघडतो. तो तुमचा नवा टक्स. शिवताना त्याचे टोक बिंदूच्या दोन-तीन सेंटिमीटर आधी थांबवा, नाहीतर तिथे टोचरा कोपरा दिसतो. खांद्याचा आणि कमरेचा टक्स जोडून फर्म्याचे दोन भाग केले की प्रिन्सेस कट तयार.

घेर वाढवायचा असेल तर दुसरी युक्ती. सरळ कुर्त्याच्या अर्ध्या पुढच्या फर्म्यावर खालून वरपर्यंत तीन उभ्या रेषा मारा. खालून कापत जा आणि वरच्या कडेला केसभर कागद सोडा. प्रत्येक काप खाली चार सेंटिमीटर उघडा. अर्ध्या भागात बारा सेंटिमीटर वाढले. कापड दुमडून कापतो म्हणून पूर्ण पुढच्या भागात चोवीस. मागच्या भागाला तेवढेच केले की एकूण घेर अठ्ठेचाळीस सेंटिमीटरने वाढतो, आणि वरची बाजू होती तशीच राहते. घेर कमी करायचा असेल तर याच कापांच्या कडा उघडण्याऐवजी एकमेकींवर चढवायच्या.

मग उरते ती तपासणी. वेडीवाकडी झालेली कड पुन्हा गोलाईत आखायची. जिथे दोन भाग जोडले जाणार त्या कडांची लांबी टेपने मोजून जुळवायची. उभ्या धाग्याची खूण नव्या फर्म्यावर परत करायची, नाहीतर कपडा एका बाजूला ओढतो. आणि पहिला कपडा मांजरपाटाचा शिवून बघायचा. मांजरपाटावरची चूक स्वस्तात सुटते.

शरीराला नाव ठेवू नका

रेडीमेड कपडा अंगाला बसला नाही की आपण आरशासमोर उभे राहून स्वतःलाच बोल लावतो. माझे दंड जाड, माझी उंची कमी, माझे खांदे उतरते. तरुण मुलींच्या तोंडून हे मी रोज ऐकते आणि मला राग येतो. तो कपडा कुठल्यातरी सरासरी अंगासाठी बेतलेला आहे. भारतीय अंगांची स्वतःची मापे ठरवण्यासाठी निफ्टसारख्या संस्थेला 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घ्यावी लागली, कारण आपले एस, एम, एल हे परक्या मापांवरून आलेले आहेत. तेव्हा अंगाला नाव ठेवण्याआधी फर्म्याकडे बघा.

आपल्या रोजच्या जगण्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, वजूची. बाजारातल्या कुर्तीची बाही मनगटाशी इतकी घट्ट असते की ती कोपराच्या वर जातच नाही. कॉलेजात नमाज पढणाऱ्या मुली ओल्या बाह्या घेऊन पुढच्या तासाला बसतात. हा प्रश्न कुठल्या मोठ्या कंपनीच्या डिझायनरच्या टेबलावर कधी येणार नाही. आपल्या टेबलावर येतो. बाहीच्या फर्म्यावर मनगटापासून मुंढ्याच्या गोलाईपर्यंत दोन काप द्या आणि खाली प्रत्येकी साडेतीन सेंटिमीटर उघडा. मनगटाला सात सेंटिमीटर मिळाले, बाही सहज वर सरकते. मुंढ्याची गोलाई बदलली नाही म्हणून बाही जोडतानाही काही अडत नाही. मनगट घट्टच दिसायला हवे असेल तर तेवढी जादा रुंदी चुणीत घेऊन बटणाची पट्टी लावा.

दुसरी, स्कूटीची. अबाया घालून गाडी चालवणाऱ्या मुली आता सगळ्या गावांत दिसतात आणि मला फार बरे वाटते. पण मोठ्या घेराचा सैल कपडा चाकाजवळ फडफडतो आणि ते धोक्याचे आहे. यावर 'गाडी चालवू नकोस' म्हणणारे घरात असतात, 'अबाया घालू नकोस' म्हणणारे बाहेर असतात. फर्मा बदलता येणारी दोघांनाही गप्प करू शकते. घेर वर सांगितल्याप्रमाणे कमी करा. मग दोन्ही बाजूंच्या शिवणीत गुडघ्यापासून खाली आत वळणारी खोल चूण द्या. बसताना चूण उघडते, पाय हलायला जागा मिळते. उभे राहिले की मिटते. कपडा तोच, अंग झाकलेले तेवढेच, चाकापासून मात्र लांब.

तिसरी, म्हाताऱ्या माणसांची. पाठीत वाक आलेल्या नानांचा कुर्ता मागून वर चढतो आणि पुढे लोंबतो. सगळे म्हणतात, वय झाले. वय झाले हे खरे, पण कुर्ता ताठ पाठीसाठी बेतला आहे हेही खरे. पाठीच्या फर्म्यावर खांद्याच्या फऱ्यापाशी आडवा काप द्या आणि मध्यभागी दोन सेंटिमीटर उघडा, मुंढ्याच्या कडेला बिजागरी ठेवा. पुढच्या भागात छातीवर तेवढेच मिटवा. कुर्त्याची खालची कड सरळ पडते आणि म्हातारा माणूस ईदला चार लोकांत नीटनेटका दिसतो. पोलिओने एक खांदा उतरलेल्या मुलाला, नुकत्याच बाळंत झालेल्या आईला, शस्त्रक्रियेनंतर हात वर न जाणाऱ्या बाईला याच विद्येने आराम देता येतो. ज्याला आपण माणसाची इज्जत राखणे म्हणतो, त्यात हेही येते.

हे हुनर आपले आहे

आपल्याकडचे दर्जी स्वतःचे नाते हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्याशी सांगतात. कपडा शिवण्याची सुरुवात त्यांनी केली अशी परंपरा आहे, म्हणून कित्येक दर्जी घराण्यांचे नावच इद्रिसी. महाराष्ट्राच्या संतपरंपरेत नामदेव शिंपी समाजातले. म्हणजे सुई-कात्रीला कमी लेखण्याचे कारण ना आपल्या दीनात आहे, ना आपल्या भाषेत.

जुना कळीदार कुर्ता उसवून टेबलावर मांडला तर डोळे उघडतात. पुढे-मागे सरळ पट्टे, बाजूंना तिरक्या कळ्या, काखेत चौकोनी चौबगला. कळ्या एकमेकींना उलट लावून कापल्या की कापड जवळजवळ वाया जात नाही. टक्सचा पत्ता नाही, तरी हात वर गेला की कुर्ता ओढत नाही, कारण चौबगल्याने काखेत जागा दिलेली असते. ज्या कारागिरांनी हे बसवले त्यांना आकाराची पक्की समज होती. अंगासरशी बसणारी टक्सची बेतणी आपल्याकडे युरोपीय पोशाखाबरोबर रुळली, आणि आपल्या मास्टर लोकांनी तीही आत्मसात केली.

अमेरिकेत 1863 मध्ये एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला सुरुवात केली. शिंप्याच्या दुकानात अडकलेली बेतणी त्यामुळे सामान्य घरातल्या बाईच्या टेबलावर आली. आपल्याकडे शिवणयंत्र घरोघर पोचले, फर्मा मात्र दुकानातच राहिला. बापाने मुलाला शिकवला, मास्टरने चेल्याला शिकवला. घरातल्या मुलीला काज-बटण आणि पिको-फॉल शिकवले. हे कोणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही, पण परिणाम आपल्यासमोर आहे.

लोक काय म्हणतात

पहिले उत्तर असते, आता सगळे यूट्यूबवर आहे. आहे, आणि माझ्या मुली ते बघतातही. पण व्हिडिओ तुम्हाला छत्तीस छातीचा एक फर्मा देतो. समोरच्या बाईचा एक खांदा उतरता आहे आणि तिला बोटनेक हवा आहे, तेव्हा काय करायचे हे तो सांगत नाही. ते तत्त्व कळल्यावरच जमते, आणि कोणीतरी शेजारी उभे राहून तुमचा कागद तपासावा लागतो.

दुसरे, रेडीमेडने शिंपीकाम संपवले. सरळ शिवणीचे काम खरोखरच कमी झाले आहे, आणि तेच काम आपण बायकांना शिकवत बसलो आहोत, हा माझा मुद्दा आहे. अंगावर न बसलेला रेडीमेड कपडा दुरुस्त करणे, लग्नाचे ब्लाऊज, आजाऱ्याचे कपडे, मापाबाहेरच्या अंगाचे कपडे, ही कामे गल्लीतच होतात. जितके रेडीमेड वाढेल तितके ते बसवून घेणारेही वाढतील.

तिसरे, कारखान्यात आता फर्मा कॉम्प्युटरवर होतो. होतो. पण टक्स कुठे न्यायचा आणि घेर किती उघडायचा हे कॉम्प्युटरला सांगणारे माणूस लागते. ज्या मुलीने ते खाकी कागदावर हाताने केले आहे, तिला ते पडद्यावर शिकायला वेळ लागत नाही. आणि ती नोकरी मशीनवरच्या नोकरीपेक्षा वरची आहे.

चौथे, आणि हे आपल्याच लोकांकडून ऐकू येते: मुलींना काय शिलाईच शिकवत राहायची? त्यांनी डॉक्टर, वकील व्हावे. जरूर व्हावे. माझ्या दोन्ही मुलींना मी त्याच वाटेला लावले आहे. पण ज्या बाईचे वय पस्तीस आहे, शिक्षण आठवीत सुटले आहे आणि घरात एक मशीन आहे, तिला आपण काय सांगणार? तिच्या हातात जे काम आहे त्याची किंमत वाढवणे हे तिच्यासाठी आजचे शिक्षण आहे. शिवाय हे फक्त बायकांनीच शिकावे असेही नाही. बेतणीत गणित आहे, चित्र आहे, माणसाशी बोलणे आहे. दहावीत गणिताला घाबरलेल्या मुलग्यांनाही मी हे शिकवले आहे.

मग काय करायचे

निवडणूक जवळ आली की शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम होतात. रमजानमध्ये जकातीच्या पैशातूनही मशिनी दिल्या जातात. देणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका नाही. पण फोटो निघाल्यावर त्या मशीनचे काय होते ते बघायला कोणी येत नाही. कित्येक मशिनींवर घडी केलेले कपडे ठेवलेले मी पाहिले आहेत. जी चालते ती गठ्ठ्याच्या कामावर चालते. जमातीच्या मंडळींना माझी विनंती आहे की दहा मशिनींऐवजी आठ द्या आणि उरलेल्या पैशात सहा महिने बेतणीचा वर्ग चालवा. लागते काय? एक मोठे टेबल, खाकी कागद, पट्ट्या, टेप, चांगल्या कात्र्या, मांजरपाटाचा एक तागा आणि शिकवणाऱ्या माणसाचा पगार. मशिदीला किंवा शादीखान्याला लागून रिकामी खोली बहुतेक गावांत असते.

आपल्या मोहल्ल्यातल्या वयस्क मास्टर लोकांना या वर्गात शिकवायला बोलवा. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली, दुकाने बंद पडत आहेत, आणि चाळीस वर्षांची विद्या त्यांच्या हातात तशीच आहे. मानाने बोलवले आणि मानधन दिले तर ते शिकवतात, हा माझा अनुभव आहे.

सरकारी वाटाही माहीत असाव्यात. आयटीआयमध्ये शिवण तंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि त्यात फर्मा तयार करणे येते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. साधनांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये भत्ता, आणि तारणाशिवाय आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद आहे. मूलभूत प्रशिक्षण मात्र पाच ते सात दिवसांचे आहे. एवढ्या दिवसांत फर्मा बदलणे येत नाही. जास्त दिवसांचे प्रगत प्रशिक्षणही योजनेत आहे, ते मागून घ्या. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्याबरोबर त्या प्रशिक्षणात बेतणी किती शिकवली जाते हेही विचारत राहावे.

आणि तुम्ही जे हे वाचत आहात, त्यांच्यासाठी एक छोटे काम. घरातला नको असलेला पण अंगाला चांगला बसणारा एक कुर्ता घ्या. ब्लेडने सगळ्या शिवणी उसवा. तुकडे इस्त्री करा, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने आखून घ्या, उभ्या धाग्याची खूण करा आणि प्रत्येक तुकड्यावर नाव लिहा. तुमचा पहिला फर्मा तयार झाला. मग त्याची दुसरी प्रत काढा आणि त्यात एकच गोष्ट बदला, बाही किंवा घेर. मांजरपाटावर कापा. घरात अम्मी, फुफी किंवा खाला शिवत असतील तर त्यांना शेजारी बसवा. मशीन त्यांना येते, कागद तुम्ही शिका आणि त्यांना शिकवा. पुढच्या वेळी गठ्ठा घेऊन येणारा नगाचा भाव सांगेल, तेव्हा त्यांच्याकडे नाही म्हणायला दुसरे काम असेल.